आजोबांची बारा बोअर, टेक्सासचा मावसभाऊ आणि आमच्या घरातलं भांडण

बांधावरचा (ता. केज)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आमच्या आजोबांच्या नावावर बारा बोअरची बंदूक होती, रानडुकरं हाकलायला म्हणून घेतलेली. मी लहान असताना दिवाळीला ती पुसायला काढायचे, बाकी वर्षभर कपाटात. आजोबा यंदा वारले. आता वडील म्हणायलेत परवाना स्वतःच्या नावावर करून घेऊ, जमलं तर ती विकून टाकू आन् एखादं पिस्तूल घेऊ, दिवस खराब आलेत. दिवस खराब आलेत हे मला पण मान्य आहे. मस्साजोग आमच्याच तालुक्यात. ९ डिसेंबर २०२४ ला तिथल्या सरपंचाला भर दिवसा टोलनाक्यापासून उचलून नेलं आन् मारलं, पवनचक्कीच्या कंपनीकडं मागितलेल्या खंडणीवरून सगळं पेटलं होतं, तेव्हापासून वडील रात्री गेटचं कुलूप दोनदा बघतात.

त्यात आमचा मावसभाऊ टेक्सासला असतो. त्याच्या घरी दोन बंदुका आहेत, व्हिडिओ कॉलवर दाखवल्या पण, लॉकरसकट. तो म्हणतो काका बिनधास्त घ्या, बंदूक कुणाला मारत नसते, माणूस मारतो, आन् ज्याला मारायचंय तो दगडानं पण मारतो. वडिलांना लई पटलं. मी म्हणलं मग तुमच्याकडं शाळेत पोरं मेली ती दगडानं का? तर फोन कट. आता मावशी माझ्याशी बोलंना.

पण खरं सांगू का, मी चिडून बोललो तरी त्याच्या बोलण्याला माझ्याकडं नीट उत्तर नव्हतं. मस्साजोगला गोळी कुठं झाडली, पाइप-काठ्यांनीच मारलं ना. आपल्याकडं बंदुका कमी तरी खून काय कमी होतात का? मग नेमकं कारण काय, हत्यार का माणूस? आन् दुसरं म्हणजे आजोबांच्या बंदुकीचं करायचं काय?

निवृत्त हवालदार

तुमचं दुसरं आधी बघू, कारण ते अर्जंट आहे. बंदूक घरात आहे का अजून? असंल तर उद्याच्या उद्या ठाण्यात जमा करा. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. माणूस गेला की ते हत्यार घरात ठेवायचा कुणालाच हक्क राहत नाही, जवळच्या पोलिस ठाण्यात नाहीतर परवानाधारक डीलरकडं जमा करायचं, शस्त्र कायद्याचं कलम २१. पावती घ्या आन् जपून ठेवा. लोक वर्ष वर्ष तसंच ठेवतात, मग कुठं तरी भावकीतलाच कुणीतरी अर्ज टाकतो की यांच्या घरात बिगर परवान्याचं हत्यार आहे, आन् त्याच कायद्याचं कलम ३/२५ लागतं. विनाकारण जामीन शोधत फिरा मग.

वारसाला स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो, तशी तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. पण अर्ज नवीन, चौकशी नवीन. बंदूक आजोबांची होती म्हणून मिळंलच असं नाही. आन् बारा बोअर म्हणजे लांब नळीची, तिचं वेगळं, पिस्तुलाला मात्र जिवाला धोका कुणापासून ते दाखवावं लागतं. नुसतं दिवस खराब आलेत म्हणून कलेक्टर देत नसतात (काहींना द्यायला नको होते तरी दिले, त्याच्यावर नंतर लिहितो, आता दळण आणायला चाललोय).

लातूर ते ह्यूस्टन

मी पण टेक्सासलाच आहे, त्या मावसभावाची बाजू थोडी घेतो, शिव्या घालू नका.

इथं बंदूक म्हणजे गुन्हेगाराची वस्तू असं कुणाला वाटत नाही. १७९१ पासून राज्यघटनेत दुसरी दुरुस्ती आहे, शस्त्र बाळगायचा हक्क, आन् २००८ ला हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की घरी स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा एकेका नागरिकाचा हक्क आहे. माझे शेजारी म्हातारा-म्हातारी आहेत, दोघांकडं बंदूक, मुंगी मारत नाहीत. पोलिस लांब आहेत, रान मोठं आहे, माणूस एकटा. आपल्याकडं सुद्धा वस्तीवर, आखाड्यावर राहणाऱ्याला विचारा, रात्री दोनला चोरटे आले तर ११२ ला फोन लावून कोण किती वेळात येतं.

आन् मला एक सांगा, सरळ माणसाला कलेक्टर हापिसात चकरा मारायला लावायचं आन् गुंडाला मात्र चार दिवसांत गावठी कट्टा मिळायचा, यात कुणाचं संरक्षण झालं? स्वित्झर्लंडमधे घराघरात बंदुका आहेत, तिथं खून किती होतात बघा. म्हणजे हत्यार हे कारण नाही, समाज कसा आहे ते कारण.

विद्यापीठ गेट

ह्यूस्टनकर दादा, स्वित्झर्लंड सगळेच सांगतात, पुढचं कुणी सांगत नाही. तिथं सैन्याची नोकरी सक्तीची म्हणून घरात सरकारी रायफल येते, आन् सैन्याच्या काडतुसांचे डबे घरी ठेवायची पद्धत २००७ ला जवळपास बंद केली. बंदूक घरात, गोळी डेपोत. याला नियंत्रणच म्हणतात की ओ.

आता मूळ प्रश्न. भाऊ, तुमचा मावसभाऊ दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवतोय. भांडण का होतं हा एक प्रश्न, आन् झालेल्या भांडणात माणूस मरतो का वाचतो हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जात, जमीन, दारू, पैसा, अपमान, बेकारी असं लांबलचक आहे. दुसऱ्याचं उत्तर बऱ्याच वेळा एवढंच की हाताशी काय होतं. शिकागोच्या पोलिस रेकॉर्डवर झिमरिंग नावाच्या अभ्यासकानं १९६८ ला काम केलं होतं, चाकूचे हल्ले आन् बंदुकीचे हल्ले शेजारी ठेवले. कारणं तीच, नवरा-बायको, दारूचा गुत्ता, उधारी. मारणाऱ्यांतल्या बहुतेकांनी काही ठरवून आलेलं नव्हतं. पण बंदुकीच्या हल्ल्यात मरायचं प्रमाण चाकूच्या जवळपास पाचपट निघालं. राग तेवढाच, हत्यार बदललं की निकाल बदलला.

आपल्याकडचं एनसीआरबीचं (देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं) २०२२ चं बघा, देशात २८,५२२ खुनाचे गुन्हे, त्यात सगळ्यात जास्त ९,९६२ हे वादावादीतून, मग वैर ३,७६१, आन् फायद्यासाठी केलेले १,८८४. म्हणजे सिनेमात दाखवतात तसे प्लॅन करून केलेले कमी, तोंडातोंडी होऊन झालेले जास्त. आता या वादांतल्या प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल आहे असं समजा, आकडा कुठं जाईल?

अमेरिकेत प्रत्येक गोळीबारानंतर कुणी म्हणतं मानसिक आजार, कुणी म्हणतं व्हिडिओ गेम. जपानमधे गेम कमी खेळतात का? आपल्याकडं मानसिक आजार नाहीत का? उलट आपल्याकडं तर उपचारच नाहीत. पण सँडी हूकसारखं, १४ डिसेंबर २०१२, एका शाळेत २० लेकरं आन् ६ मोठी माणसं काही मिनिटांत, ते करायला जी वस्तू लागते ती गोळ्या झाडणाऱ्या पोराच्या घरातच होती, आईच्या नावावर, कायदेशीर. हे वाक्य वडिलांना दाखवा.

उमरीकर

सगळं बरोबर आहे पण मराठवाड्याच्या माणसानं हे विसरू नये की आपण कायद्यानं निःशस्त्र होतो तेव्हा काय झालं. माझा आजा सांगायचा, निजामाचे रझाकार गावात घुसले तेव्हा घराघरात विळे आन् काठ्या, त्यांच्याकडं बंदुका. सरहद्दीवरच्या कॅम्पातली पोरं कुठून कुठून हत्यारं जमवायची. उमरीची बँक लुटली ती काय चैन करायला लुटली नव्हती, लढ्याला पैसा पाहिजे होता म्हणून. सप्टेंबर १९४८ ला फौज आली म्हणून सुटलो, नाही आली असती तर? अमेरिकेवाले तेच म्हणतात ना, उद्या सरकारच उलटलं तर जनतेच्या हातात काहीतरी असावं. मला तरी हे येडेपणाचं वाटत नाही.

विद्यापीठ गेट

उमरीकर काका, रझाकाराचा मुद्दा ऐकून गप्प बसावं असाच आहे. पण एक बघा, रझाकारांना बंदुका मिळाल्या त्या सत्तेच्या आशीर्वादानं. आजही परवाना कुणाला मिळतो? माझ्या चुलत्यासारख्या पाच एकरवाल्याला का पुढाऱ्याच्या मागं फिरणाऱ्याला? हत्यारं मोकळी केली की आधी कुणाच्या घरात जातील हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. ती तुमच्या आज्याच्या घरात नसती आली काका, समोरच्याच्याच घरात आली असती.

निवृत्त हवालदार

आलो. हाच मुद्दा लिहायचा होता, पोरानं बरोबर पकडला.

मस्साजोगनंतर बीड जिल्ह्यात हजाराच्या वर शस्त्र परवाने असल्याचं पेपरात आलं, लगतच्या जिल्ह्यांत इतके नाहीत. परळीकडचे हवेत गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्रानं बघितले. मग छाननी झाली, गुन्हे असणाऱ्यांचे परवाने रद्द करायला घेतले. माझं विचारणं एवढंच की गुन्हे दाखल असताना परवाना मिळाला कसा? आमचा रिपोर्ट जातो, त्यात नाही लिहायचं म्हणलं की वरून फोन. कलेक्टरनं नाकारलं तर वर अपील असतंच. असला परवाना संरक्षणाला नसतो, मिरवायला असतो. शर्टाच्या आतून मूठ दिसली पाहिजे, लग्नात, मोंढ्यात, टेंडर भरायला जाताना. समोरचा गुत्तेदार फॉर्मच मागं घेतो, गोळी झाडायची गरजच पडत नाही. याची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नसते.

२०१९ ला कायदा कडक केला, लोकांना माहीतच नाही. आधी एका परवान्यावर तीन हत्यारं चालायची, आता दोन. वरातीत हवेत फायर केला आन् कुणाच्या जिवाला धोका झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. बेकायदा बनवणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. कागदावर सगळं हाय.

ह्यूस्टनकर साहेब कट्ट्याचं म्हणले ते खरं आहे. सातपुड्याच्या पलीकडं मध्य प्रदेशात बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी, तिथून चोपड्याकडून खाली माल येतो हे पोलिस खात्यातल्या शिपायाला पण माहितीय. पण म्हणून सरळ माणसाला पण पिस्तूल द्या हा इलाज मला नाही पटत. चोरट्याकडं कट्टा असतो तेव्हा तो तयारीत असतो, तुम्ही झोपेत. चावी शोधेपर्यंत सगळं झालेलं असतं, आन् तुमचंच पिस्तूल तो घेऊन जातो. मग ते शोधायचं काम आमचं.

बांधाच्या भांडणाचं सांगतो. मे-जून आला की आम्हाला कळायचं आता सुरू. ट्रॅक्टरवाल्यानं नांगरताना बांध कोरला, नांगराची एक ओळ इकडची तिकडं गेली, सख्खे चुलतभाऊ एकमेकाच्या उरावर. कुऱ्हाड, कत्ती, सत्तूर, जे बैलगाडीत असंल ते. डोकं फुटायचं, हात मोडायचा, अंबाजोगाईला स्वाराती दवाखान्यात नाहीतर थेट संभाजीनगरला घाटी दवाखान्यात. महिनाभरानं दोघंही कोर्टाच्या दारात एकाच टपरीवर च्या पिताना दिसायचे. मधली माणसं आवरायला धावतात ना, काठीला आवरता येतं म्हणून धावतात. गोळीच्या मधे कोण जातंय?

सिस्टर (कॅज्युअल्टी)

हवालदार काकांनी घाटी-स्वाराती काढलं म्हणून लिहितेय, मी पण एका सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टीला आहे, कुठला ते विचारू नका.

तुम्ही सगळे पुरुष चोरट्याचं, रझाकाराचं, सरकारचं बोलायलात. घरात बंदूक आली तर ती जास्त वेळ कुणाकडं बघून राहणार? चोर कधी येईल न येईल, बायको रोज घरात आहे. आमच्याकडं रात्री येणाऱ्या बाया पायरीवरून पडलेल्या असतात, सगळ्याच पायरीवरून पडतात, नवऱ्याच्या तोंडाचा वास तीन बेडवर येत असतो. टाके घालून सकाळी घरी जातात. मी त्या बाईला जा म्हणणारी नाही, समजून सांगते, पण जाते ती. किमान जिवंत जाते. त्या घरात कपाटात पिस्तूल असतं तर दाखवायला पण झाडायची गरज नाही, नुसतं टेबलावर ठेवलं तरी बाईनं आयुष्यात तोंड उघडलं नसतं.

बांधावरचे भाऊ, तुमच्या आईला विचारलं का कुणी? का फक्त बाप-लेक-मावसभाऊ ठरवायलेत?

खताचं दुकान (जिंतूर)

सिस्टरनी घरातलं काढलं, मी त्याच्याही आतलं काढतो, कारण या विषयावर ते कुणी बोलतच नाही.

अमेरिकेत बंदुकीनं जेवढी माणसं जातात त्यातली निम्म्याहून जास्त आत्महत्येची असतात. २०२१ ला ४८ हजारांच्या वर गेली, त्यात २६ हजारांच्या वर स्वतःच्या हातानं. शाळेतल्या गोळीबाराची बातमी होते, याची होत नाही. आन् हे वाचलं तेव्हा मला माझं दुकान आठवलं.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. मराठवाड्यात २०२३ मधे हजाराच्या वर शेतकरी गेले, विभागीय आयुक्त कार्यालयाचाच आकडा आहे. कारण विचारलं तर कर्ज, सोयाबीनचा भाव, पाऊस, मुलीचं लग्न, सगळं खरं, त्याच्यावर काम झालंच पाहिजे, त्यावाचून काही खरं नाही. पण त्यातल्या कितीजणांच्या शेवटच्या रात्री घरात कीटकनाशकाची बाटली होती म्हणून ते घडलं हे आम्ही विकणारे जाणतो, बोलत नाही. श्रीलंकेनं बोलून दाखवलं. तिथं १९९५ पासून टप्प्याटप्प्यानं सगळ्यात जहाल औषधं बाजारातून काढली. शेतकऱ्याचं कर्ज काही त्यानं फिटलं नाही, दुःख होतं तसंच होतं, पण आत्महत्येचं प्रमाण पुढच्या वीस वर्षांत सत्तर टक्क्यांच्या आसपास उतरलं. आन् पिकाला काही झालं नाही, दुसरी औषधं आली.

ती टोकाची वेळ फार थोडी असते हो. तेवढी टळली तर बहुतेक माणूस पुन्हा तिकडं जात नाही. बंदुकीनं ती वेळ टळायला जागाच राहत नाही. म्हणून मला मावसभावाचं ते माणूस मारतो, वस्तू मारत नाही हे बोलणं ऐकलं की राग येतो, मी वस्तूच विकतो ना, मला माहितीय वस्तू काय करते ते. जहाल औषध मी आता वाढीव देत नाही, एकराच्या हिशोबानं देतो, गिऱ्हाईक रुसून मोंढ्यातल्या दुसऱ्या दुकानात जातं, जाऊ द्या. काउंटरवर टेलिमानसचा, म्हणजे मन खचलेल्याला आधार देणाऱ्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर लावलाय मोठ्या अक्षरात. फुकट आहे, मराठीत बोलतात.

लातूर ते ह्यूस्टन

दुकानवाल्या काकांचं वाचून थांबलो जरा. आत्महत्येच्या आकड्याला माझ्याकडं उत्तर नाही. इथं माझ्या ऑफिसातल्या एकानं घरातली बंदूक मित्राकडं ठेवायला दिली होती काही महिने, बायकोच्या सांगण्यावरून, डिप्रेशन होतं त्याला. तेव्हा मला ते बायकोचं घाबरटपण वाटलं होतं.

पण बंदीच्या बाजूनं मी अजूनही नाही. इथं बंदुका माणसांपेक्षा जास्त आहेत, परत कशा घेणार? ऑस्ट्रेलिया सांगू नका.

विद्यापीठ गेट

सांगणारच 😄 पोर्ट आर्थरला एप्रिल १९९६ ला ३५ माणसं गेली, बारा दिवसांत तिथल्या सगळ्या राज्यांनी मिळून कायदा ठरवला आन् साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारनं पैसे देऊन परत घेतल्या. पंतप्रधान उजव्या पक्षाचा होता, त्याचेच मतदार चिडले होते, तरी केलं. अमेरिकेत तसं होणार नाही हे मला पण कळतं, संख्या बघता. पण ती तुमची अडचण आहे दादा, आमची नाही. आपल्याकडं बाटलीतून भूत बाहेर आलेलंच नाही अजून, आन् तुम्ही म्हणता झाकण काढा.

बाकी कारणांवर काम नको असं कुणी म्हणत नाही. वाळू, वीजकेंद्राची राख, पवनचक्की, जिथं फुकटचा पैसा तिथं पोरं गोळा होतात, शिकलेली पोरं, नोकरी नाही. त्यात जात. बीडच्या एसपींना पोलिसांच्या टेबलावरची आडनावं काढून नुसती नावं ठेवा म्हणून सांगावं लागलं, इथवर आलंय. हे सुधारायला पिढी जाईल. पिढी जाईपर्यंत कपाटं रिकामी बरी.

बांधावरचा (ता. केज)

सगळ्यांचे आभार. सिस्टर, आईला विचारलं. ती म्हणली आजोबा असताना पण मला त्या कपाटाची झाडलोट करायची भीती वाटायची, कुणी विचारलं नाही म्हणून बोलले नाही.

वडील पिस्तुलावरनं अर्धे खाली आलेत. बारा बोअर मात्र नावावर करायचीच म्हणतात, आजोबांची आठवण म्हणून. हवालदार काका, ठाण्यात जमा करायला जाताना मी घेऊन गेलो तर चालंल का? का वाटेतच मला धरतील? आन् काडतुसं पण आहेत डब्यात, लई जुनी.

निवृत्त हवालदार

हातात घेऊन एसटीनं जाऊ नका म्हणजे झालं 😀 आधी ठाण्यात जा, मोकळ्या हातानं, ठाणे अंमलदाराला आजोबांचा मृत्यू दाखला आन् परवान्याचं पुस्तक दाखवा, लेखी अर्ज द्या की हत्यार जमा करायचंय. ते सांगतील तसं करा, बहुतेक शिपाईच घरी पाठवतील. काडतुसं मोजून अर्जात लिहा, तीही जमा करायची, जुनी आहेत म्हणून विहिरीत टाकायची नाहीत, उडवून बघायची तर अजिबात नाहीत. पावतीवर बंदुकीचा नंबर नीट आलाय का तिथंच वाचून बघा. आन् वडिलांना सोबत न्या, सही त्यांचीच लागंल.